एक लांब, दोन आखूड : बंद संगणकाची भाषा

माळ्यावरचा जुना संगणक सुरू होत नाही म्हणून तो थेट भंगारात देणारे पुष्कळ आहेत. माझं म्हणणं, आधी तो काय सांगतोय ते ऐका. त्या आवाजालाही इतिहास आहे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी जाहीर केला. बटण दाबलं की चिपमध्ये कायमचा साठवलेला 'बायोस' हा प्रोग्रॅम आधी यंत्राची तपासणी करायचा. पण पडदाच बंद असेल तर बिघाड कळवणार कसा? म्हणून स्पीकर! एक आखूड बीप म्हणजे सगळं ठीक. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्लेत गडबड. पुढे बायोस बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापल्या खुणा ठरवल्या, त्यामुळे बीपचा अर्थ मदरबोर्डच्या पुस्तिकेतच बघावा.

त्या पीसीत मेमरी किती, ड्राइव्ह किती, हे बोर्डावरच्या बारीक स्विचांनी सांगावं लागे. १९८४च्या पीसी एटीने ही माहिती बॅटरीवर जागणाऱ्या चिपमध्ये ठेवली. सोय झाली, पण नवं दुखणंही आलं. बॅटरी संपली की यंत्र स्वतःची हार्ड डिस्कच विसरतं! पुढच्या अनेक ३८६-४८६ बोर्डांवरच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या गळून तांब्याच्या रेषा खाऊ लागल्या. नंतर आली ३ व्होल्टची, नाण्याएवढी सीआर २०३२. आणि २००० सालाच्या आसपासच्या बऱ्याच बोर्डांवर सदोष कपॅसिटर फुगले.

या इतिहासातूनच तपासणीचा क्रम मिळतो. पंखा फिरत नसेल तर आधी प्लग, वायर आणि पॉवर सप्लाय बघा. फिरत असेल तर बीप मोजा. मग वायर काढून रॅम बाहेर घ्या, तिचे संपर्क खोडरबराने पुसा, घट्ट बसवा. सेल बदला. कपॅसिटरची डोकी फुगलीत का पाहा. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

एवढा खटाटोप कशासाठी? युनिकोड रुळण्याआधीचा आपला कितीतरी मराठी मजकूर त्या काळच्या खास फॉन्टांत टाइप झालाय. नुसती फाइल उचलून नव्या संगणकावर नेली, तर अक्षरांऐवजी चित्रविचित्र खुणा दिसतात. तो फॉन्ट, ते सॉफ्टवेअर बहुधा त्या जुन्या डिस्कवरच असतं. आणि यंत्र बंद पडलं तरी डिस्क शाबूत असू शकते.

तेव्हा बडोदा असो, इंदूर असो की बेळगाव, जुना संगणक विकण्याआधी निदान त्याची डिस्क काढून ठेवा. भेटू पुढच्या भागात.