स्नीकरचा सोल : पकडीपासून ओळखचिन्हापर्यंत

दुकानात बूट निवडताना नजर प्रथम वरच्या कापडावर आणि रंगावर जाते. सोल पाहायचा तर बूट उलटा करावा लागतो. स्नीकर हा प्रकार मात्र जन्माला आला तो सोलमुळेच. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८४४ मध्ये रबर व्हल्कनाइज करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट मिळाले. गंधक आणि उष्णतेच्या प्रक्रियेमुळे रबर उन्हात चिकट होईना, थंडीत तडकेना. पुढे कापडी बुटांना रबरी तळ बसू लागले. त्यांचा चालताना आवाज होत नसे, म्हणून गुपचूप सरकणे या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदावरून त्यांना स्नीकर म्हटले जाऊ लागले.

पुढील कित्येक दशके सोलवरची नक्षी केवळ पकडीसाठी होती. ओरेगॉन विद्यापीठातील धावण्याचे प्रशिक्षक आणि नायकीचे सहसंस्थापक बिल बॉवरमन यांनी १९७० च्या दशकारंभी पत्नीच्या वॉफल भाजण्याच्या साच्यात युरेथेन ओतले. पहिल्या प्रयत्नात साचा चिकटून कायमचा बंद झाला. तरीही त्या चौकोनी खुंट्यांच्या कल्पनेतून वजनाला हलका आणि मातीत घट्ट रुतणारा सोल तयार झाला; १९७४ मध्ये त्याला पेटंट मिळाले.

खरे वळण आले ते १९८७ मध्ये. नायकीच्या बुटांत हवेच्या पिशव्या आधीपासूनच होत्या, परंतु त्या आत दडलेल्या. वास्तुविशारद म्हणून शिकलेले टिंकर हॅटफिल्ड यांनी पॅरिसमधील पाँपिदू केंद्राची इमारत पाहिली होती. तिचे नळ आणि जिने भिंतीबाहेर उघडे ठेवलेले आहेत. तोच धागा धरून त्यांनी एअर मॅक्सच्या टाचेजवळ खिडकी ठेवली. ही खिडकी पायासाठी नव्हती, पाहणाऱ्यासाठी होती. बोधचिन्ह झाकले तरी बूट ओळखता येऊ लागला.

ओळख निर्माण झाली की मालकीचा प्रश्न येतोच. कॉन्व्हर्सने २०१४ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगापुढे तीसहून अधिक कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. २०१६ मध्ये आयोगाने बुटाच्या तळावरील हिऱ्यासारख्या नक्षीचा हक्क मान्य केला. मात्र बाजूच्या पट्ट्या आणि पुढच्या रबरी टोपीची रचना लोक केवळ कॉन्व्हर्सचीच मानतात, हे त्याला पटले नाही. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने या दुसऱ्या मुद्द्याचा फेरविचार करण्यास सांगितले.

भारतातही ही सीमारेषा नाजूक आहे. डिझाइन कायदा, २००० नुसार नोंदणीकृत रचनेला १० वर्षे आणि मुदतवाढीने आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. व्यापारचिन्हाची नोंदणी दर १० वर्षांनी कितीही वेळा वाढवता येते. परंतु तांत्रिक परिणामासाठी आवश्यक असलेला आकार व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार नोंदवता येत नाही. म्हणजे निव्वळ पकड देणारी रचना कायमची कोणा एकाची होऊ शकत नाही. शोभेच्या नक्षीवर मात्र दीर्घकाळ हक्क राहू शकतो, आणि एकाच सोलवर या दोन्ही गोष्टी अनेकदा एकत्र असतात.

आग्र्यासारख्या केंद्रातील छोट्या कारखानदाराला हा भेद महागात पडू शकतो. वरचे कापड किंवा शिक्का पुढच्या खेपेला बदलता येतो; सोलचा साचा मात्र प्रत्येक मापासाठी वेगळा घडवावा लागतो. नक्षीवर आक्षेप आला, तर साच्यांचा तो सारा संच निरुपयोगी ठरतो.