बंद पडलेल्या यंत्राची जबानी

पूर्वी संगणकाची स्मृती बारीक चुंबकी कड्यांची असे. यंत्र अडले की त्या स्मृतीतले आकडे कागदावर छापून जाणकार चूक शोधीत. कडी गेली, पण रीत राहिली.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष फाइलीमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. विमाने खोळंबली, इस्पितळांची कामे अडली. नेमके बिघडले कोठे? कोलमडताना यंत्रांनी स्मृतीची नक्कल लिहून ठेवली होती. मायक्रोसॉफ्टच्या तज्ज्ञांनी ती ‘विनडीबीजी’ या साधनाने उघडून पाहिली. क्राउडस्ट्राइकचा प्रोग्रॅम स्मृतीत भलत्याच जागी वाचू गेला होता. पुढे कंपनीने कारण सांगितले: नोंदी २० आणि मागितली २१वी! एवढीशी चूक, बरं का! पण यंत्राची जबानी जपलेली असली, म्हणजे तीही सापडते.