जमिनीवरचे पक्षी टिपताना

मंडळी, आपल्या सहलींचे फोटो गोळा झाले की त्यात पक्ष्यांचे चार-दोन हमखास असतात. हिरवळीवरचा रॉबिन, पार्किंगमधल्या चिमण्या, समुद्रकिनाऱ्यावर लाटांपुढे पळणारे ते चिमुकले पक्षी. फोटो स्पष्ट असतो, रंगही ठीक असतात, पण पाहणारा "छान" म्हणून पुढे जातो. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो. आपण उभे असतो आणि पक्षी आपल्या पायाशी असतो, त्यामुळे फोटोत त्याची पाठ आणि भोवतीचे गवत, एवढेच येते.

आम्ही काही जण गेली काही वर्षे न्यू जर्सीतल्या बागांमध्ये आणि किनाऱ्यांवर पोटावर झोपून पक्ष्यांचे फोटो काढत आहोत. घरच्यांनी आमची यथेच्छ चेष्टा करून झालेली आहे. त्यातून जे समजले ते इथे एका जागी मांडत आहोत. दाखले न्यू जर्सीचे आहेत, पण पद्धत कुठेही तीच.

खाली का जायचे?

थोडे गणित करून पाहू. रॉबिनचा डोळा जमिनीपासून साधारण ६ इंचांवर असतो असे धरा. तो आपल्यापासून १५ फुटांवर आहे आणि कॅमेरा आपल्या हातात, म्हणजे ५ फूट उंचीवर आहे. कॅमेऱ्यातून पक्ष्याच्या डोळ्याकडे जाणारी रेघ पुढे वाढवली तर ती पक्ष्यामागे जेमतेम पावणेदोन फुटांवर जमिनीला टेकते. म्हणजे मागची पार्श्वभूमी पक्ष्याला चिकटलेलीच आहे, ती पुसट होणार कशी? आता तोच कॅमेरा ८ इंचांवर आणा. तीच रेघ पक्ष्यामागे ४५ फुटांवर जमिनीला टेकते! मागचे सगळे गवत, कुंपण, झाडे विरघळून एक मऊ रंग होतो आणि पक्षी त्यातून सुटा उठून दिसतो. हजारो डॉलर्सची लेन्स जे करते त्यातले बरेचसे पोटावर झोपल्याने फुकटात मिळते, असे आमचे ठाम मत आहे.

दुसरा फायदा नजरेचा. डोळ्याच्या पातळीवरून काढलेल्या फोटोत पक्षी आपल्याकडे पाहतो आहे असे वाटते. लहान मुलांचे फोटो काढताना आपण गुडघ्यावर बसतो, तसेच हे.

जवळ जायचे नाही, आधी जाऊन पडायचे

सुरुवातीला आम्ही सरपटत पक्ष्यांकडे जायचो. दोन कोपरांवर भार देऊन, सैनिकी थाटात! दर वेळी पक्षी उडायचा आणि आमच्या शर्टाला गवताचे डाग उरायचे. पुढे लक्षात आले की पक्ष्याला आपण दिसलो म्हणून तो उडत नाही, आपण त्याच्या दिशेने येतो म्हणून उडतो. आता आम्ही पक्षी कुठे खातो आहे ते आदल्या दिवशी लांबून पाहून ठेवतो, सकाळी तो यायच्या आधी सूर्य पाठीशी घेऊन तिथे आडवे होतो आणि गप्प पडून राहतो. दहा-पंधरा मिनिटांत बरेच पक्षी आपल्याला ओंडक्यासारखे धरून चालतात. कधी कधी इतके जवळ येतात की लेन्स फोकसच करू शकत नाही.

पक्ष्याने खाणे थांबवून मान ताठ केली आणि तो तसाच उभा राहिला, तर आपण जास्त जवळ आहोत. अशा वेळी हालचाल थांबवावी. तो पुन्हा खाऊ लागला तर ठीक, नाहीतर आपण मागे सरकावे.

एक व्यावहारिक सूचना. सार्वजनिक बागेत लांब लेन्स घेऊन गवतात पडलेला माणूस लोकांना विचित्र दिसतो. शाळा, खेळाचे मैदान किंवा कुणाच्या खिडक्या यांच्या दिशेने लेन्स ठेवून झोपू नये. आमच्यातल्या एकापाशी पोलिसाची गाडी येऊन थांबली होती. त्याने शांतपणे उठून कॅमेऱ्यातले रॉबिन दाखवले आणि विषय तिथेच संपला. घराच्या आसपास करणार असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेले बरे.

साहित्य आणि सेटिंग

स्क्रीन बाहेर वळणारा कॅमेरा असेल तर मान वाचते. जमिनीवर तिपाईचा उपयोग नाही. जुन्या जीन्सचा एक पाय कापून, दोन्ही टोके शिवून त्यात तांदूळ भरले की लेन्स टेकवायला उत्तम उशी होते. वाळूवर ही उशी रुतते. तिथे काही जण जुना फ्राइंग पॅन वापरतात. त्यात कॅमेरा ठेवून तो वाळूवर पुढे-मागे सरकवता येतो. (स्वयंपाकघरातला चालू पॅन उचलण्यापूर्वी परवानगी घ्यावी.) अंगाखाली योगा मॅट किंवा कचऱ्याची मोठी पिशवी टाकावी, कारण सकाळचे दव पाच मिनिटांत आरपार भिजवते.

४०० मिलिमीटर लेन्स, एफ ५.६ आणि १५ फूट अंतर असेल तर फुल फ्रेम कॅमेऱ्यात फक्त पावणेदोन इंच खोलीचा भाग स्पष्ट येतो. म्हणून फोकस डोळ्यावरच हवा. शटरचा वेग चालणाऱ्या पक्ष्याला १/१००० आणि पळणाऱ्याला १/२००० ठेवावा, आयएसओ ऑटोवर. आवाज न करणारे शटर असेल तर ते चालू करावे.

फोनवाल्यांसाठीही युक्ती आहे. फोन उलटा धरा, म्हणजे वरच्या टोकाला असलेली लेन्स जमिनीलगत येते. चिमण्या आणि पारवे यांच्यावर सराव करायला हे पुरेसे आहे.

मार्च-एप्रिल: रॉबिन

अमेरिकेतला हा रॉबिन आपल्याकडच्या चिरक किंवा दयाळ पक्ष्याचा भाऊ नव्हे. तो कस्तूर कुळातला. जमीन मऊ झाली की गांडुळे शोधत हिरवळीवर उतरतो. चार पावले धावतो, थांबतो, मान तिरकी करतो, पुन्हा धावतो. तो गांडूळ नजरेने शोधतो असे पूर्वी मानत, पण १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या प्रयोगांत तो नुसत्या आवाजावरूनही गांडूळ शोधू शकतो असे दिसले. फोटोसाठी त्याचे थांबणे महत्त्वाचे. तो धावत असताना बटण दाबू नका, थांबेल तेव्हा दाबा. पाऊस पडून गेल्यावरची सकाळ सगळ्यात चांगली. हिरवळीवर औषध फवारल्याची छोटी पाटी लावलेली असेल तर मात्र तिथे झोपू नये.

मे-जून: किलडीअर, आणि आमची चूक

किलडीअर हा टिटवीच्या कुळातला. गळ्यात दोन काळे पट्टे, आवाज तसाच कर्कश. घरटे असे बांधतच नाही. खडीत उथळ खळगा करून बहुधा चार अंडी घालतो आणि ती खडीसारखीच दिसतात. पार्किंग लॉट, सपाट छत, मैदानाच्या कडेची खडी, काहीही चालते.

एका उन्हाळी सहलीत पार्किंगच्या कडेला एक किलडीअर पंख मोडल्यासारखा फरफटत चालला होता. शेपटीचा केशरी रंग पसरलेला, एक पंख जमिनीवर, आणि केविलवाणा ओरडा. आम्ही लगेच आडवे झालो. पक्षी आमच्याच पातळीवर, प्रकाश सुंदर! दहा मिनिटे फोटो काढले. मग आमच्यातल्या एका काकूंनी विचारले, "अहो, तो तुम्हाला तिकडे का नेतोय, ते मागे वळून पाहिलंत का?" मागे, आमच्यातल्या एकाच्या बुटापासून दोन पावलांवर चार अंडी होती. भर उन्हात, उघडी.

पंख मोडल्याचे हे सोंग शत्रूला अंड्यांपासून दूर नेण्यासाठी असते. ते चालू असताना पक्षी अंड्यांवर बसू शकत नाही. मे-जूनच्या उन्हात तापलेल्या खडीवर त्यांना आईबापांची सावली लागते आणि अंडी उबवायला साधारण साडेतीन-चार आठवडे जातात. आम्ही त्या दिवशी गाड्या हलवल्या आणि मुलांना दुसऱ्या बाजूला खेळायला नेले. ते फोटो फार छान आले होते. आम्ही ते कधीही प्रदर्शनात लावले नाहीत.

तेव्हापासून एप्रिल ते जुलै आडवे होण्यापूर्वी आम्ही पायाखालची जमीन नीट पाहतो. सोंग दिसले की फोटो न काढता, पाऊल कुठे पडते ते पाहत, आलो त्याच वाटेने मागे जातो.

गोचीड

याच महिन्यांत दुसरी काळजी आपली स्वतःची. लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडीची पिल्ले मे ते जुलै सर्वात जास्त असतात आणि ती खसखशीच्या दाण्याएवढी असतात. उंच गवत आणि झाडीची कड टाळावी, कापलेली हिरवळ त्या मानाने बरी. बाह्यांचा शर्ट, मोज्यांत खोचलेली पॅन्ट, आणि कपड्यांवर ०.५ टक्के परमेथ्रिन. हे औषध कातडीला लावायचे नाही, आणि ओले असताना मांजरांपासून दूर ठेवायचे. घरी आल्यावर कपडे ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर १० मिनिटे फिरवावेत. अंघोळ करून गुडघ्यांच्या मागे, काखेत, कमरेला, केसांत पाहावे. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल किंवा काडीपेटीचे उपाय करू नयेत. लाइमचा जंतू शरीरात जायला गोचीड साधारण एक दिवसाहून अधिक चिकटलेली असावी लागते, म्हणून त्याच दिवशी तपासणे महत्त्वाचे. नंतर पुरळ किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचे आवर्जून सांगावे.

किनाऱ्यावर

सँडी हूक, आयलंड बीच, बार्नेगट लाइट इथे शरद ऋतूपासून वसंतापर्यंत सँडरलिंग दिसतात. लाट मागे गेली की तिच्यामागे धावत वाळूतले बारीक जीव टिपायचे आणि लाट आली की उलटे पळायचे, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. ओल्या वाळूच्या कडेला आडवे पडा, ते स्वतःच तुमच्याकडे येतील. मोठ्या लाटेचा अंदाज मात्र ठेवा, खारे पाणी कॅमेऱ्याला भोवते.

सँडी हूकसारख्या ठिकाणी वसंत आणि उन्हाळ्यात दोरी आणि पाट्या लावलेला भाग दिसतो. तिथे पायपिंग प्लोव्हरची घरटी असतात. अटलांटिक किनाऱ्यावरचा हा पक्षी १९८६ पासून केंद्र सरकारच्या धोक्यातील प्रजातींच्या यादीत आहे. त्याची कापसाच्या बोंडासारखी पिल्ले जन्मल्यावर काही तासांतच स्वतः खाऊ लागतात आणि दोरीबाहेरही येतात. खाण्याच्या जागेवर आपण आडवे पडलो तर त्यांची वाट अडते. इथे दुरूनच पाहावे.

मे महिन्यात डेलावेअर उपसागरावर रेड नॉट उतरतात. त्यांतले काही दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून आलेले असतात आणि पुढे आर्क्टिकला जाण्यासाठी हॉर्सशू खेकड्यांची अंडी खाऊन काही आठवड्यांत वजन जवळजवळ दुप्पट करतात. एकदा उडवले की तेवढी चरबी वाया. म्हणून या काळात तिथले बरेच किनारे बंद असतात. रीड्स बीचसारख्या ठरवून दिलेल्या जागांवरून फोटो काढता येतात. तिथे आडवे होण्याचा हट्ट नको.

हिवाळा: बेसमेंटची खिडकी

ज्यांचे गुडघे ऐकत नाहीत त्यांच्यासाठी ही आमची सर्वात आवडती युक्ती. अनेक घरांत बेसमेंटची खिडकी बाहेरच्या जमिनीच्या पातळीवर असते. आत स्टुलावर उभे राहिलात की तुमचा डोळा थेट गवताच्या उंचीला! साधारण ऑक्टोबर ते एप्रिल जंको नावाचे राखी, पांढऱ्या पोटाचे पक्षी इथे मुक्कामाला येतात आणि त्यांना जमिनीवर पडलेला दाणा फार आवडतो. खिडकीपासून ३ फुटांच्या आत थोडी पांढरी मिलेट टाका. इतक्या जवळून उडाले तर काचेवर आपटण्याचा जोर कमी असतो. आतले दिवे बंद करा, काच पुसा, लेन्स काचेला टेकवा. सकाळी संपेल एवढाच दाणा टाका आणि उरलेला झाडून घ्या, नाहीतर उंदीर येतात आणि कुजलेल्या दाण्यातून पक्ष्यांना रोग होतात. शेजारच्या मांजराची ये-जा असेल तर दाणा टाकूच नये.

भारतातून आलेल्या आजी-आजोबांना जानेवारीत बाहेर पडवत नाही. आमच्या एका घरातल्या आजींनी चहाचा कप घेऊन त्या स्टुलाशेजारी खुर्ची टाकून घेतली आहे. जंको आले की त्या वर हाक मारतात.