मामलेदारांची साक्ष

मुंबईकर कुटुंबांना क्रॉफर्ड मार्केटची वाट सांगावी लागत नाही. त्या मंडईस पुढे महात्मा जोतीबा फुले यांचे नाव देण्यात आले; तथापि बाजारहाट करणाऱ्यांच्या तोंडचे जुने नाव काही सुटले नाही. ज्या आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्डच्या नावाने ती १८६९ साली उभी राहिली, तो मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. गृहस्थ मोठा कर्तबगार आणि धडाडीचा. परंतु पैसा खर्च करताना त्याच्या हातास धरबंध म्हणून नसे. शहराची तिजोरी त्याच्या उत्साहास पुरी पडेना, तेव्हा १८७१ साली त्यास ती जागा सोडावी लागली. सिव्हिल सर्व्हिसमधील त्याची वाट मात्र त्यामुळे बंद झाली नाही. काही वर्षांनी तोच क्रॉफर्ड पुण्यास मध्यभागाचा कमिशनर होऊन आला, आणि सातारा, सोलापूर, नगर यांसारखे जिल्हेच्या जिल्हे त्याच्या हाताखाली आले.

पुढे जे घडले ते समजण्यास त्या काळच्या मामलेदाराची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. तालुक्यात मामलेदार म्हणजे सरकारचे सगुण रूप. सारा वसूल करणे, खजिना सांभाळणे, मॅजिस्ट्रेट या नात्याने फौजदारी खटले चालविणे, ही सर्व कामे त्याचीच. तो कचेरीत शिरला की पाटील-कुलकर्णी उभे राहात. पण हाच पुरुष वर पाहू लागला म्हणजे किती परतंत्र! त्याची बढती, बदली, रजा ही सर्व कमिशनरच्या लेखणीच्या टोकावर. मुलांच्या शाळेची सोय असलेले गाव सोडून हिवतापाच्या एखाद्या आडरानी तालुक्यात बिऱ्हाड हलविण्यास एका ओळीचा हुकूम पुरे होई. त्या ओळीत कारण लिहिण्याचे बंधन नसे, आणि कारणच लिहिलेले नसले म्हणजे अन्याय झाला हे तरी दाखवावे कसे?

क्रॉफर्ड कर्जात बुडालेला होता. सरकारी अधिकाऱ्याने आपल्या हुकमतीखालील माणसांकडून उसने पैसे घेऊ नयेत असा नियम होता. त्याने तो गुंडाळून ठेवला. मामलेदारांनी पुढे साक्षीत जे सांगितले त्यावरून एवढे दिसते की, साहेब स्वतः सहसा काही मागत नसे. मागणी येई ती मध्यस्थांमार्फत, आणि त्यांतला मुख्य हणमंतराव नावाचा इसम. बढती हवी असेल तर अमुक रक्कम. नको असलेली बदली फिरवून घ्यावयाची असेल तर तमुक.

येथे सगळ्या मामलेदारांस एकाच मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही. एकाने पैसे दिले ते आहे ती जागा टिकावी म्हणून. दुसऱ्याने दिले ते आपल्याहून लायक माणसाच्या डोक्यावरून वर चढावे म्हणून. पहिल्याच्या गळ्यावर सुरी होती, दुसऱ्याच्या हातात शिडी होती. रक्कम कदाचित तीच, मध्यस्थही तोच. शिवाय आणखी एक प्रकारचा माणूस असतो. तो काहीच देत नाही, मुकाट्याने बदलीच्या गावी जातो, आणि चौकशीच्या दप्तरात त्याचे नाव कोठेही येत नाही. देणाऱ्यांच्या जबान्या छापून निघतात. न देणाऱ्याची जबानी घेण्याचे कोणास सुचत नाही.

१८८८ च्या उन्हाळ्यापर्यंत पुण्यात या गोष्टीचा इतका बोभाटा झाला की गव्हर्नर लॉर्ड रे यांस ती टाळता येईना. क्रॉफर्डला तहकूब करण्यात आले. स्वारी वेष पालटून निसटली, पण मुंबईत पकडली गेली. आता खरी अडचण पुराव्याची. लाच घेणारा जसा कायद्याचा अपराधी, तसाच देणाराही; मग बोलणार कोण? पोलीस खात्याचे इन्स्पेक्टर-जनरल ओमानी यांजकडे तपास होता. त्यांच्यामार्फत सरकारने मामलेदारांस वचन दिले की, जो खरे सांगेल त्यावर खटला होणार नाही आणि त्याची नोकरीही जाणार नाही.

हे वचन ऐकून घरी गेलेल्या मामलेदाराने काय विचार केला असेल? खोटे बोलावे तर सरकारचा रोष. खरे बोलावे तर स्वतःच्या सहीनिशी स्वतःची बदनामी. गप्प राहावे तर उद्या साहेब निर्दोष ठरून परत त्याच खुर्चीवर बसणारच नाही, याची हमी कोण देणार? अशा पेचात कित्येकांनी सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि तोंड उघडले. त्यात धैर्य किती आणि नाइलाज किती, हे ठरविणे कठीण. दोन्ही होते असे म्हणावे लागते.

१८८८ च्या ऑक्टोबरात तिघांचे कमिशन पुण्यास बसले. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन त्याचे अध्यक्ष होते. निकाल चमत्कारिक लागला. हाताखालच्या लोकांकडून कर्ज काढल्याचा दोष क्रॉफर्डवर शाबीत झाला; लाचखाऊपणाचे आरोप मात्र कमिशनला पटले नाहीत. साक्षीदार स्वतःच गुन्ह्याचे भागीदार, तेव्हा त्यांच्या शब्दावर कितपत विसंबावे, हा प्रश्न मुळातच आडवा होता. मुंबई सरकारास हा निकाल रुचला नाही. कर्जाच्या दोषावरून क्रॉफर्ड नोकरीतून गेला खरा. परंतु लाच दिली असे शपथेवर सांगणारे लोक आता जगापुढे लाच देणारे म्हणून उघडे राहिले, आणि ती घेणारा मात्र त्या आरोपातून सुटलेला!

मग गलका उठला तो मामलेदारांविरुद्ध. जो माणूस पैसे चारल्याचे कबूल करतो, तो उद्या मॅजिस्ट्रेट म्हणून गरिबाचा न्याय करणार काय, असा सवाल अँग्लो-इंडियन पत्रांनी केला. पार्लमेंटातही प्रश्न निघाले. या सवालात काही तथ्य नव्हते असे कोणी म्हणू नये. न्यायासनासमोर येणाऱ्या कुणब्यास निष्कलंक मॅजिस्ट्रेट मिळण्याचा हक्क होताच. पण सरकारने शब्द दिला होता, आणि त्या शब्दाच्या जोरावरच पुरावा गोळा केला होता. बाळ गंगाधर टिळक तेव्हा अवघे तेहतीस वर्षांचे, फर्ग्युसन कॉलेजात शिकवीत असत. त्यांनी मामलेदारांची बाजू उचलली. १८८९ च्या सप्टेंबरात पुण्यास जाहीर सभा भरली. वचन देऊन साक्ष घ्यावयाची आणि काम झाल्यावर साक्षीदारास वाऱ्यावर सोडावयाचे, ही सरकारच्या अब्रूची गोष्ट आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्या तरुण पुढाऱ्याच्या सार्वजनिक आयुष्यातील आरंभीच्या झुंजींपैकी ही एक. आणि ती लढली गेली ती निर्दोष माणसांसाठी नव्हे, हे विशेष.

अखेर १८८९ सालीच हिंदुस्थान सरकारास खास कायदा करावा लागला. त्याने साक्षीदारांस खटले आणि फिर्यादी यांपासून संरक्षण मिळाले. नोकरीचे वचन मात्र त्यात पुरतेपणी पाळले गेले नाही. ज्यांच्याकडून दडपणाने पैसा उकळला त्यांस ठेवावे आणि ज्यांनी स्वार्थासाठी आपणहून दिला त्यांस दूर करावे, असा विलायतेहून भेद करण्यात आला. भेद तत्त्वतः योग्यच. परंतु तो करण्याची वेळ वचन देण्यापूर्वीची होती. ओमानींसमोर बसलेल्या मामलेदारास कोणी असे सांगितले नव्हते की, तू किती भ्यालास आणि किती लोभावलास हे तुझ्याच जबानीतून आम्ही मागाहून मोजणार आहोत. काहींच्या कचेऱ्या त्या मोजणीत गेल्या.

क्रॉफर्डने विलायतेत लेखणी हाती धरली. १८९७ साली त्याचे पुण्यातील व दख्खनमधील आपल्या दिवसांविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. नोकरी गमावलेल्या मामलेदारांची बाजू राहिली ती चौकशीच्या जबान्यांत, प्रश्नकर्त्यांच्या सवालांस दिलेल्या उत्तरांच्या रूपाने.