राक्षसभुवनची लढाई

(१० ऑगस्ट १७६३). पेशवे माधवराव आणि त्यांचे चुलते रघुनाथराव यांनी हैदराबादच्या निजाम अलीच्या फौजेचा गोदाकाठी केलेला पराभव. राक्षसभुवन हे गाव आजच्या बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात आहे. ते पैठणच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या दक्षिण तीरावर असून शनीचे क्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे.

‘पानिपतचा डाग धुणारी लढाई’ अशी तिची ओळख शालेय पुस्तकांतून रुजली आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. मराठवाड्यातल्या या एका दिवसाचे धागे त्या वेळच्या जगभरच्या युद्धाशी जुळलेले होते.

१७५० च्या दशकात निजामाच्या दरबाराची सारी भिस्त फ्रेंच सेनानी बुसीच्या तोफखान्यावर आणि कवायती पलटणींवर होती. तेव्हाचा निजाम सलाबतजंग गादीवर टिकला तो त्यांच्याच बळावर. इंग्लंड-फ्रान्स यांच्यातील सप्तवार्षिक युद्ध भडकले तेव्हा १७५८ मध्ये बुसीला दक्षिणेत परत बोलावण्यात आले. १७५९ मध्ये मच्छलीपट्टण इंग्रजांनी जिंकले. १६ जानेवारी १७६१ रोजी पाँडिचेरी पडले, म्हणजे पानिपतानंतर अवघ्या दोन दिवसांनी. एकाच आठवड्यात मराठ्यांचे उत्तरेतले आणि फ्रेंचांचे दक्षिणेतले बळ खचले. बुसीच्याच हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने पानिपतावर लढला आणि पकडला जाऊन मारला गेला.

निजाम अलीने १७६२ मध्ये थोरला भाऊ सलाबतजंग याला कैद करून सत्ता बळकावली. पुढच्याच वर्षी, १० फेब्रुवारी १७६३ रोजी पॅरिसचा तह झाला. त्याच्या अकराव्या कलमात इंग्लंड व फ्रान्स यांनी सलाबतजंग हाच दख्खनचा कायदेशीर सुभेदार असल्याचे मान्य केले. तो त्या वेळी बीदरच्या किल्ल्यात बंदिवान होता. दख्खनचा धनी कोण, हे ठरवण्याचा हक्क युरोपीय राजे आपल्याकडे घेऊ लागले होते, पण त्याचा निकाल अजून इथल्याच रणांगणावर लागत होता.

उदगीरच्या लढाईत (१७६०) गमावलेला मुलूख परत मिळवण्याची निजाम अलीला घाई होती, आणि पुण्यातल्या घरभेदाने त्याला संधी दिली. नोव्हेंबर १७६२ मध्ये चुलत्या-पुतण्यांत उघड लढाई जुंपली आणि माधवराव आळेगाव येथे रघुनाथरावांच्या स्वाधीन झाले. रघुनाथरावांच्या कारभाराला विटलेले गोपाळराव पटवर्धन निजामाला जाऊन मिळाले. नागपूरकर जानोजी भोसले यांना साताऱ्याच्या गादीचा कारभार हाती देण्याचे आमिष होते. ही सारी जुळवाजुळव निजामाचा दिवाण राजा प्रतापवंत विठ्ठल सुंदर याची. तो स्वतः देशस्थ ब्राह्मण होता. या लढाईला धर्मयुद्धाचा रंग देणाऱ्यांनी दोन्ही छावण्यांतली ही नावे एकदा नीट वाचावीत.

१७६३ च्या उन्हाळ्यात मराठ्यांनी समोरासमोरची लढाई टाळली. निजाम अली पुण्यावर चालून गेला, तर ते वऱ्हाडातून थेट हैदराबादेपर्यंत मुलूख मारीत गेले. मे महिन्यात पुणे लुटले व जाळले गेले. लोक किल्ल्यांच्या आश्रयाला पळाले, दफ्तरांचाही नाश झाला. पेशवाईच्या आरंभीच्या कागदांत आज ज्या उणिवा जाणवतात, त्यामागे ही आगही आहे.

पावसाळा लागताच निजामाची फौज छावणीसाठी औरंगाबादकडे निघाली. तोवर ३२ लाखांच्या मुलुखाचे आश्वासन देऊन मराठ्यांनी जानोजींना आतून फोडले होते. फौजेचा पगार थकल्याचे निमित्त सांगून ते निजामापासून बाजूला झाले. राक्षसभुवनला निजाम अली काही सैन्यासह गोदावरी उतरून उत्तर तीरावर गेला, विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे राहिला. मधे श्रावणातली भरलेली गोदावरी. मजल दरमजल करीत मागावर आलेल्या मराठ्यांनी नेमकी हीच वेळ साधली.

लढाई एकतर्फी झाली नाही. आघाडीवरच्या रघुनाथरावांचा हत्ती शत्रूच्या वेढ्यात सापडला. अठरा वर्षांच्या माधवरावांनी राखीव तुकड्या योग्य वेळी पुढे घातल्या, चुलत्याला सोडवले आणि दिवस फिरवला. विठ्ठल सुंदर रणात पडला. निजाम अली पलीकडून तोफा डागत राहिला, पण पुरामुळे त्याला मदतीला येता आले नाही. ज्या चुलत्याने काही महिन्यांपूर्वी आपल्याला नजरकैदेत ठेवले त्यालाच वाचवण्यासाठी माधवरावांनी जीव धोक्यात घातला, ही त्या दिवसाची खरी थोरवी.

२५ सप्टेंबर १७६३ रोजी औरंगाबादला तह झाला. निजामाने सारा दोष मृत दिवाणाच्या माथी मारला आणि ८२ लाखांचा मुलूख मराठ्यांना दिला. त्याच महिन्यात बीदरला सलाबतजंगचा खून झाला. पॅरिसच्या तहातले ते कलम कागदावरच राहिले. पुण्यात कारभाराची सूत्रे रघुनाथरावांकडून माधवरावांच्या हाती आली, पटवर्धनांना मिरज परत मिळाली, आणि नाना फडणीस व हरिपंत फडके ही पुढची पिढी याच सुमारास पुढे आली.

निजामाने यातून वेगळा बोध घेतला. मराठ्यांशी एकट्याने भिडणे परवडत नाही हे कळून १७६६ मध्ये त्याने इंग्रजांशी तह केला आणि उत्तर सरकार हा किनारपट्टीचा मुलूख त्यांना दिला. पुन्हा मराठ्यांशी त्याची मोठी लढाई झाली ती थेट १७९५ मध्ये, बीडच्या सीमेलगत खर्ड्याला. तेव्हा त्याच्या बाजूला फ्रेंच सेनानी रेमंडची कवायती पलटण होती, तिच्यावर क्रांतीचा तिरंगी झेंडा होता, आणि तरीही तो हरला. तीन वर्षांनी, १७९८ मध्ये, ती पलटण इंग्रजांनी मोडून काढली आणि तिच्या जागी आपली तैनाती फौज आणली.