तगरनगरीतील गृहसौख्य

तेरणेकाठच्या ज्या तेर गावाची नोंद इसवी सनाच्या 1 ल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील ‘तगर’ म्हणून आढळते, त्याचे वैभव केवळ भडोचकडे रवाना होणाऱ्या कापडाच्या गाड्यांवरून मोजणे अपुरे ठरेल. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेला आणि आज तेथील शासकीय संग्रहालयात असलेला संग्रह पाहिला म्हणजे मणी, शंखाच्या बांगड्या, मृण्मूर्ती अशा क्षुद्र भासणाऱ्या वस्तूंतून, कोणत्याही राजवटीच्या दप्तरात नमूद न झालेला नित्याचा प्रपंच दृग्गोचर होतो. सातवाहनांपासून निजामापर्यंत अंमल बदलले, महसुलाचे बंदोबस्त बदलले. परंतु घर नेटके ठेवून त्यात अल्प आनंद पेरण्याची मानवी वृत्ती मात्र अबाधित राहिली, आणि तिचा पुरावा तख्तांच्या पुराव्याहून अधिक विश्वसनीय होय.