लिनक्सवरील ई-मेल आज्ञावलींची निवड : एक ऐतिहासिक टिपण

लिनक्सवर थंडरबर्डऐवजी कोणती ई-मेल आज्ञावली स्वीकारावी, याचा निर्णय केवळ सोयीवर करू नये, असे इतिहास सुचवितो. वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ साली निर्माण झालेल्या पाइनची जागा २००७ साली अल्पाइनने घेतली. २००४ साली १.० आवृत्तीने प्रसिद्धीस आलेल्या थंडरबर्डवरील आपले काम मोझिलाने २०१२ साली आवरते घेतले. थंडरबर्ड टिकली, तरी आश्रयाची अनित्यता दिसून आली. पत्रे मात्र टिकलीच पाहिजेत, कारण उद्याची इतिहाससाधने तीच होत. थंडरबर्ड सामान्यतः एका फोल्डरची सर्व पत्रे एकाच फाइलीत साठविते. क्लॉज मेल प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल ठेवते. दोन्ही पद्धतींत मजकूर अन्य साधनांनीही वाचता येतो. तात्पर्य, आज्ञावली स्वीकारण्यापूर्वीच विचारावे : ती सोडताना पत्रे सोबत नेता येतील काय?